टकळी, इतिहास आणि विज्ञान : शिकागो व वर्धा येथील दोन शैक्षणिक प्रयोगांचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राथमिक शाळेतील मुलाने इतिहास व विज्ञान हे विषय केवळ पाठ्यपुस्तकातून न शिकता स्वतःच्या हातांनी केलेल्या कामातून शिकावेत, हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांतील शिक्षणतज्ज्ञांनी स्वीकारला. तत्त्व म्हणून त्याला फारसा विरोध झाला नाही. व्यवहारात मात्र तो थोड्याच शाळांत आणि थोडाच काळ टिकला. या अपयशाची मीमांसा करताना शिक्षकांची अपुरी तयारी, साधनांची टंचाई, पालकांची उदासीनता आणि परीक्षांचे वर्चस्व यांचा उल्लेख नेहमी केला जातो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु कोणत्याही शैक्षणिक सुधारणेच्या अपयशाला ती सारखीच लागू पडतात. त्यामुळे या विशिष्ट सुधारणेच्या वाट्याला आलेल्या विशिष्ट अडचणीवर त्यांचा प्रकाश पडत नाही.

ती अडचण अशी की, मूल हातांनी काम करते तेव्हा त्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात : एक वस्तू आणि दुसरी समज. वस्तू मोजता येते, तोलता येते आणि प्रसंगी विकताही येते. समजेचे तसे नाही. ती मुलाच्या प्रश्नांतून, चुकांतून व तर्कांतून हळूहळू प्रकट होते आणि कोणत्याही नोंदवहीत सहजासहजी सापडत नाही. कार्याधिष्ठित शिक्षण देणाऱ्या शाळेने या दोहोंपैकी कशाचा हिशेब ठेवावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. वस्तुतः शाळेत इतिहास व विज्ञान यांना कितपत स्थान राहील, हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. शिकागो येथे १८९६ साली व वर्धा येथे १९३७ साली आरंभ झालेल्या दोन प्रयोगांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. कारण तंतूपासून सूत काढण्याची एकच क्रिया दोन्ही ठिकाणी शिक्षणाचे माध्यम झाली होती.

२. शिकागो : कापूस व लोकर यांची तुलना

जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठाच्या आश्रयाने जानेवारी १८९६ मध्ये एक प्रायोगिक प्राथमिक शाळा सुरू केली. आरंभी तीत १६ मुले होती. पुढे ही संख्या १४० पर्यंत वाढली आणि त्या वेळी शिकवणाऱ्यांची संख्या २३ होती. १९०४ साली ड्यूई यांनी शिकागो सोडले व त्यांच्या नेतृत्वाखालील हा प्रयोग संपला. शाळेत काम केलेल्या कॅथरीन मेह्यू व ॲना एडवर्ड्स या भगिनींनी त्याचा सविस्तर वृत्तांत १९३६ साली प्रसिद्ध केला. ड्यूई यांनी स्वतः १८९९ च्या ‘द स्कूल अँड सोसायटी’ या ग्रंथात शाळेतील कामाची काही उदाहरणे दिली आहेत.

त्यांपैकी एक उदाहरण वस्त्रनिर्मितीचे आहे. मुलांना कापसाची बोंडे, मेंढीची लोकर व अंबाडीसारखे वाखाचे तंतू कच्च्या स्वरूपात दिले गेले. त्यांची तुलना करताना लोकरीच्या मानाने कापसाचा उद्योग उशिरा का वाढला, असा प्रश्न पुढे आला. मुलांच्या एका गटाने सुमारे ३० मिनिटे बसून बोंडातील कापूस हातांनी सरकीपासून वेगळा केला; तो एक औंसही भरला नाही. अशा रीतीने दिवसभर राबले तरी एका माणसाच्या हातून एखादा पौंडच कापूस निघेल, हे मुलांना स्वतःच्या बोटांच्या अनुभवावरून पटले आणि आपल्या पूर्वजांच्या अंगावर सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का असत, याचा उलगडा त्यांना झाला. कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत असतो. लोकरीचा तंतू लांब व खरबरीत असल्यामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे लोकर कातणे सोपे जाते, हेही मुलांनी हाताळून जाणले.

पुढची पायरी लोकर विंचरण्याची व कातण्याची होती. फळ्यांना टोकदार खिळे बसवून मुलांनी लोकर विंचरण्याचे साधन तयार केले. भोक पाडलेला दगड किंवा तत्सम वजन तंतूंच्या टोकाला अडकवून ते फिरवले असता तंतू ओढले जाऊन त्यांना पीळ बसतो, हे त्यांनी अनुभवले. नंतर जमिनीवर फिरणाऱ्या भोवऱ्यासारखे साधन आले; त्यानंतर चरखा. भारतीय वाचकास यातील मधल्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील, कारण भोवऱ्यासारखे फिरणारे हे साधन म्हणजे तत्त्वतः टकळीच होय. याच शाळेत मुलांनी धातू वितळवण्याची लहानशी भट्टीही बांधली. तिचे तोंड योग्य मापाचे व योग्य जागी नसल्यामुळे आरंभी हवेचा झोत नीट मिळेना. तेव्हा ज्वलन, हवेचा प्रवाह व इंधनाचे गुणधर्म यांचा विचार करणे मुलांना भाग पडले. या तत्त्वांची गरज हातातल्या कामातच उत्पन्न झाली. धडा म्हणून ती आधी सांगितली गेली नव्हती.

या प्रयोगात मुलांनी केलेल्या वस्तूंना शाळेच्या हिशेबात स्थान नव्हते. शाळेतील उद्योग आर्थिक दडपणापासून मुक्त असले पाहिजेत, हे ड्यूई यांचे स्पष्ट प्रतिपादन होते. अर्ध्या तासात कापूस एक औंसही निघाला नाही ही घटना उत्पादनाच्या दृष्टीने अपयश होती. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तीच सर्वात मोलाची ठरली. मुलांचा हात मंद चालला म्हणूनच इतिहासातील एक मोठा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

या मुक्ततेला किंमत होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. १४० मुलांमागे २३ शिक्षक हे प्रमाण कोणत्याही सार्वजनिक शाळेला परवडणारे नव्हते. विद्यापीठाचा आश्रय, शुल्क व देणग्या यांच्या बळावर ही शाळा चालत असे. आर्थिक दडपणापासून मुक्त असे काम हे ज्यांच्यावर तसे दडपण नव्हते अशांच्या शाळेत शक्य झाले.

३. प्रकल्पपद्धतीचा भारतातील प्रवेश

ड्यूई यांच्या विचारांना पद्धतीचे रूप देण्याचे कार्य कोलंबिया विद्यापीठातील विल्यम किलपॅट्रिक यांनी केले. सप्टेंबर १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे ‘प्रकल्पपद्धती’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. भारतात ही पद्धती फार लवकर आली. पंजाबातील मोगा येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने खेड्यांतील शिक्षकांसाठी चालवलेल्या प्रशिक्षण शाळेत विल्यम मॅकी व त्यांचे सहकारी १९२० च्या दशकात तिचा अवलंब करीत होते. खेड्यातील घर व शेत अशा परिचित विषयांभोवती वाचन, गणित व निसर्गाभ्यास यांची गुंफण करण्याचा तेथे प्रयत्न होता. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया या संस्थेच्या प्राथमिक शाळेतही या पद्धतीचे प्रयोग झाले.

ही पार्श्वभूमी विचारात घेण्याचे कारण असे की, पुढे वर्धा येथे मांडल्या गेलेल्या योजनेस अनेकदा केवळ स्वदेशी किंवा केवळ गांधीवादी कल्पना समजले जाते. खुद्द जामियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन यांनी वर्धा परिषदेतच तिचे जागतिक नाते दाखवून दिले होते. कामातून शिक्षण देण्याच्या या रीतीस अमेरिकेत प्रकल्पपद्धती व रशियात संकुलपद्धती म्हणतात, असे त्यांनी निदर्शनास आणले होते. तेव्हा वर्धा योजनेचे वेगळेपण हातांनी काम करण्याच्या तत्त्वात नव्हते. ते अन्यत्र शोधावे लागते.

४. वर्धा : स्वावलंबनाची अट कोठून आली

१९३७ साली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारारूढ झाली. दारूबंदी हे काँग्रेसचे जाहीर धोरण होते आणि प्रांतिक सरकारांच्या शिक्षणखर्चाचा मोठा आधार अबकारी उत्पन्नाचा होता. दारूबंदी करावी तर शाळांना पैसा कोठून आणावा, आणि शाळांसाठी दारूचे उत्पन्न चालू ठेवावे तर तत्त्वाचे काय, असा हा पेच होता. महात्मा गांधींनी ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’च्या अंकात त्यावर आपला मार्ग सुचवला : मुलाच्या शिक्षणाचा आरंभ एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगाने व्हावा, शिक्षण सुरू झाल्याच्या क्षणापासून त्याने उत्पादन करावे आणि त्या वस्तू सरकारने विकत घ्याव्यात, म्हणजे शाळा स्वावलंबी होईल.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या परिषदेने ७ वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम व उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्रस्थान ही तत्त्वे मान्य केली. स्वावलंबनाच्या प्रश्नावर मात्र मतभेद उघड झाले. शाळांतील माल बाजारात आल्यास तो व्यावसायिक कारागिरांच्या मालाशी स्पर्धा करील, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी घेतला. डॉ. झाकिर हुसेन यांची शंका अधिक मूलगामी होती. स्वावलंबनावर अतिरिक्त भर दिल्यास शिक्षक मुलांकडून वेठीसारखे श्रम करून घेऊ लागतील आणि मग टकळी ही पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. त्यांच्याच अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम तयार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन व के. टी. शहा हे तिच्या सभासदांपैकी होते. समितीने डिसेंबर १९३७ च्या आरंभी आपला अहवाल सादर केला. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली.

गांधीजींच्या बाजूने हेही नमूद केले पाहिजे की, स्वावलंबन ही त्यांच्या दृष्टीने केवळ पैशाची सोय नव्हती. काम खरे आहे की खेळ आहे, याची ती कसोटी होती. ज्या वस्तूची कोणालाच गरज नाही ती बनवताना मूल काळजी घेत नाही, आणि काळजी न घेता केलेल्या कामातून शिक्षणही होत नाही, या विचारात तथ्य आहे. शिवाय कोट्यवधी मुले शाळेबाहेर होती. त्यांच्यासाठी शिकागोसारखी शाळा काढणे हा पर्यायच नव्हता. ड्यूई यांनी जो प्रश्न बाजूला ठेवला होता, तो गांधीजींना प्रथम सोडवावा लागला.

५. अभ्यासक्रम व वेळापत्रक यांतील अंतर

समितीच्या अहवालाचे दोन भाग शेजारी ठेवून वाचले असता त्यांतील विसंगती लक्षात येते. अभ्यासक्रमाची दृष्टी व्यापक आहे. सामाजिक शास्त्रांचा आरंभ आदिमानवाच्या जीवनापासून होतो : त्याचे निवारे, अन्न, वस्त्र व हत्यारे यांच्या माहितीनंतर प्राचीन इजिप्त, चीन व मोहेंजोदडो यांच्या गोष्टी येतात. शिकागोच्या शाळेतील ऐतिहासिक क्रमाशी याचे साम्य सहज दिसते. सामान्य विज्ञानात निसर्गाभ्यास, वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य व आकाशदर्शन यांचा समावेश होता.

वेळापत्रक मात्र निराळे सांगते. शाळेचा दिवस ५ तास ३० मिनिटांचा धरला होता. त्यातील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणित यांना, १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला व १० मिनिटे सुट्टीला होती. सामाजिक शास्त्रे आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून ३० मिनिटे होती. म्हणजे दिवसाच्या सुमारे तीन-पंचमांश वेळ उद्योगाला आणि अवघा एक-अकरांश वेळ इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व विज्ञान यांना मिळून दिला गेला.

समितीचे उत्तर असे असते की, उद्योगाच्या ३ तास २० मिनिटांत हे विषयही अंतर्भूत आहेत. समवायाने, म्हणजे उद्योगाशी विषयांचे सहज नाते जोडून, ते शिकवले जातील. हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु याच तासांतून विक्रीयोग्य सूतही निघावयाचे होते. कातता कातता प्रश्न विचारणे आणि प्रश्नासाठी कातणे थांबवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिकागोच्या मुलांचा मंद हात हे त्यांच्या धड्याचे साधन होते. वर्धा योजनेत मंद हात ही त्रुटी ठरणार होती. या धोक्याची समितीला पूर्ण जाणीव होती. आर्थिक बाजूवर भर देऊन शैक्षणिक व सांस्कृतिक हेतूंचा बळी दिला जाण्याचा संभव आहे, असे अहवालातच नमूद केलेले आहे. मात्र त्या धोक्याला आवर घालील अशी कोणतीही मोजणी अहवालाने योजली नाही. सुताची गती, नंबर व वजन यांची मापे ठरवली गेली. समजेचे माप शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडले गेले.

६. वर्ध्याच्या मुलाच्या हातातील इतिहास

या उणिवेमुळे नेमके काय गमावले गेले, हे समजण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील मुलाच्या हातात असलेल्या कापसाचाच विचार करावा लागतो.

गांधीजींनी एका विवेचनात टकळीद्वारा इतिहास व विज्ञान कसे शिकवावे, याचा नमुना घालून दिला आहे. टकळीचे दैनंदिन जीवनात पूर्वी काय स्थान होते, ते का नष्ट झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराने येथील हस्तोद्योगाची गळचेपी कशी झाली, हा त्याचा ऐतिहासिक भाग. बांबूच्या काडीवर ओल्या मातीचा गोळा वाळवून केलेली टकळी, नंतर विटेची चकती, नंतर लोखंड वा पितळ हा बदल कसा व का झाला, चकतीचे माप तेवढेच का असते, हा त्याचा यांत्रिक भाग. हा नमुना शिकागोच्या कोणत्याही पाठाहून कमी प्रतीचा नाही. चकती जड व रुंद असेल तर टकळी अधिक काळ फिरते, परंतु फार जड झाल्यास सूत तुटते. पिळामुळे तंतूंतील घर्षण वाढते व आखूड तंतूंचा लांब धागा टिकून राहतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात यावरून सुताचा नंबर ठरतो. या तीन गोष्टींतच यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान व अपूर्णांकांचे गणित यांची बीजे आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट इतिहासाची आहे. शिकागोच्या मुलांनी कापसावरून काढलेला निष्कर्ष त्यांच्या पूर्वजांपुरता खरा होता. अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणाऱ्या हिरव्या सरकीच्या कापसाचे तंतू सरकीला घट्ट चिकटलेले असतात आणि १७९३ साली एली व्हिटनी याने दातेरी चक्राचे यंत्र काढीपर्यंत त्याची स्वच्छता ही खरोखरच मोठी अडचण होती. परंतु भारताचा इतिहास निराळा आहे. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष सापडले आहेत. ते ४,००० वर्षांहून अधिक जुने आहेत. कापूस सपाट पृष्ठावर ठेवून त्यावरून रूळ फिरवीत सरकी बाजूला सारण्याची रीत अजिंठ्याच्या चित्रांत दिसते, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. पुढे दोन रुळांची चरकी आली. तिच्या रुळांमधील फटीतून तंतू ओढला जातो, सरकी मात्र आत जाऊ शकत नाही आणि मागेच गळून पडते. तेव्हा ‘हातांनी सरकी काढणे कठीण, म्हणून सुती वस्त्र उशिरा आले’ हे अनुमान वर्ध्याच्या मुलाने काढले असते तर ते चुकीचे ठरले असते.

यावरून कार्याधिष्ठित शिक्षणाविषयी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. हाताचा अनुभव सर्वत्र सारखा असतो. त्यावरून निघणारा इतिहास सारखा नसतो. कापूस वेचून काढणाऱ्या दोन मुलांची बोटे सारखीच दुखतील. परंतु एकाने विचारावयाचा प्रश्न ‘कापूस इतका उशिरा का?’ असा आहे, तर दुसऱ्याने विचारावयाचा प्रश्न ‘ज्यांना हे इतक्या पूर्वी साधले त्यांच्या वंशजांना परदेशी कापड का घ्यावे लागले?’ असा आहे. अनुभवाला इतिहासाचे रूप देणारा घटक म्हणजे योग्य तुलना, आणि ती तुलना पुढे ठेवण्यासाठी शिक्षकास वेळ, वाचन व स्वातंत्र्य यांची गरज असते.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सामग्री वर्ध्याच्या परिसरातच विखुरलेली होती. वर्धा जिल्हा १८६२ साली निर्माण झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड व मध्य प्रांत यांतील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. हिंगणघाटचा कापूस त्या गावाच्या नावाने परदेशी बाजारात ओळखला जाई. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७७ साली जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गावातील बाजार, रेल्वेचे स्थानक, सरकी काढण्याचे कारखाने व घरातील जुने पिंजण या सर्व गोष्टी मुलाच्या पायांनी पोहोचण्याजोग्या होत्या. टकळीपासून निघालेला प्रश्न अर्ध्या दिवसाच्या सहलीत साम्राज्याच्या अर्थकारणापर्यंत जाऊ शकत होता. परंतु अशा सहलीच्या दिवशी सूत निघत नाही, आणि दैनिक उत्पादनाच्या नोंदीत तो दिवस रिकामा दिसतो.

७. परिणाम

ऑक्टोबर १९३९ मध्ये पुणे येथे मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद भरली. त्याच सुमारास काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि बहुतेक प्रांतांत प्रयोगाची गती मंदावली. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमून योजनेचा विचार केला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालात मंडळाने कृतीद्वारा शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. परंतु मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीवर शिक्षणाचा खर्च भागावा ही अपेक्षा अमान्य केली. फार तर कामासाठी लागणाऱ्या जादा साहित्याचा खर्च निघावा, एवढीच मर्यादा मंडळाने घातली.

अशा प्रकारे स्वावलंबनाची अट अधिकृतपणे शिथिल झाली. तेव्हा इतिहास व विज्ञान यांना मोकळीक मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात हजारो शाळांवर ‘मूलोद्योग’ ही पाटी लागली. पण १९५६ साली जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीस त्यांपैकी अनेक शाळा केवळ नावापुरत्याच तशा असल्याचे आढळले. अप्रशिक्षित हातांनी काढलेले सूत विकले जात नव्हते आणि त्यातून शिक्षणही घडत नव्हते. समवायाचे रूपांतर कृत्रिम सांधेजोडीत झाले. विषय कोणताही असो, तो ओढूनताणून टकळीला जोडणे म्हणजे समवाय, अशी समजूत पसरली. शहरांतील पुस्तकी शाळा मात्र पूर्ववत चालू राहिल्या. त्यामुळे आपल्या मुलांना पुस्तक नाकारून पुन्हा हातकामाला जुंपले जात आहे, अशी शंका खेड्यांतील, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजांतील, पालकांना आली असल्यास नवल नाही.

१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवले. दोहोंचा हेतू चांगला होता. तथापि शाळांच्या वेळापत्रकात त्यांचा अर्थ असा झाला की, हातकाम हा इतर विषयांशेजारी एक स्वतंत्र विषय बनला. त्याला स्वतःचा तास व स्वतःची श्रेणी मिळाली. इतिहास व विज्ञान पाठ्यपुस्तकाकडे परत गेले. ज्या दोन गोष्टी टकळीने एकत्र आणावयाच्या होत्या, त्या आता औपचारिकपणेच विभक्त झाल्या.

याच्या उलट एक उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. ते प्राथमिक नव्हे, तर इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांचे असले, तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली प्रयोगांद्वारे विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद करीपर्यंत ३० वर्षे चालला. सामान्य सरकारी शाळांत, सामान्य शिक्षकांच्या हातून तो इतका काळ टिकला, याचे एक कारण असे दिसते की, त्याने परीक्षाच बदलली होती. पुस्तक समोर ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याची कसोटी यांमुळे मुलाच्या समजेची नोंद शाळेच्या अधिकृत हिशेबात आली. विकावयाची वस्तू तेथे नव्हती. त्यामुळे मोजण्यासारखे जे उरले ते आकलनच होते.

८. निष्कर्ष

शिकागोच्या शाळेने वस्तूचा हिशेब सोडून दिला व समज हाती घेतली. परंतु ती मोजक्या मुलांची शाळा राहिली. वर्धा योजनेने सर्व मुलांचा विचार केला. परंतु त्यासाठी वस्तूचा हिशेब पत्करला आणि समजेसाठी दुसरी वही उघडली नाही. पहिल्या प्रयोगाची मर्यादा सामाजिक होती, दुसऱ्याची पद्धतीविषयक. वर्धा योजनेचा शैक्षणिक आशय दुर्बळ होता, हा समज टकळीवरील गांधीजींच्या विवेचनापुढे व झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमापुढे टिकत नाही. तसेच उत्पादनाची अट हेच सर्व अपयशाचे मूळ होते, असेही म्हणता येत नाही; कारण १९४४ नंतर ती अट सैल होऊनही चित्र बदलले नाही. अट गेली, पण तिच्या जागी दुसरे माप आले नाही. सूत हेच यशाचे एकमेव गमक राहिले आणि सूत वाईट निघू लागताच शाळाही वाईट ठरली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुन्हा पुरस्कार केला आहे आणि शाळांतून प्रकल्पांना महत्त्व आले आहे. आज प्रकल्पाची वस्तू विकली जात नाही. ती प्रदर्शनात मांडली जाते किंवा वहीत चिकटवली जाते. परंतु तिचे मूल्यमापन रेखीवपणा, सजावट व पानांची संख्या यांवरून होत असेल, तर जुना प्रश्न नव्या रूपात तसाच उभा राहतो. हातातील कापूस एक औंसही का निघाला नाही, हे विचारणाऱ्या मुलाला गुण देण्याची सोय शाळेच्या नोंदवहीत आहे किंवा नाही, यावरच अशा शिक्षणाची खरी परीक्षा होईल.